आतड्याचा निरोप

जेवण होऊन अर्धा तास झाला असेल. भिंतीला पाठ टेकून बसा. उजवा तळहात उजव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर ठेवा. श्वास आत येतो, हात उचलला जातो. श्वास जातो, हात खाली येतो. तेवढंच पाहा.

हाताखाली यकृत आहे. त्याला खालून लगटून छोट्या वांग्याच्या आकाराची पिशवी, पित्ताशय. आंबट ढेकर आली की आपण ‘पित्त झालं’ म्हणतो, पण ते जठरातलं आम्ल. हे पित्त निराळं: हिरवट पिवळं, कडू.

मघाशी वरणभातावर घेतलेलं तूप आठवा. तुपाचं भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही, हे घासणाऱ्या हातांना ठाऊक असतं. पोटातही तीच अडचण. तूप लहान आतड्यात पोचलं की आतडं एक संप्रेरक सोडतं, पित्ताशय आकसतं, पित्त उतरतं. त्यातल्या पित्ताम्लांचं एक अंग पाण्याशी जमवून घेतं, दुसरं तुपाशी. तुपाचे बारीक बारीक कण होतात, पचू लागतात. गंमत अशी, की ज्या कोलेस्टेरॉलचा आपण धसका घेतो, त्यातूनच यकृत ही आम्लं घडवतं.

सावकाश श्वास सोडा. आता त्यांच्या मागोमाग चला.

काम झालं म्हणून ती टाकून दिली जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात शंभरातली सुमारे ९५ टिपली जातात आणि रक्तातून यकृताकडे परततात. सारा साठा अवघा काही ग्रॅमचा. तोच दिवसातून अनेक फेऱ्या मारतो. निसटली तेवढ्यांचीच भर यकृत घालतं, रोज साधारण अर्धा ग्रॅम.

इथे थोडं थांबा.

किती घालायची, हे यकृताला कोण सांगतं? पित्ताम्लं ओळखणारा एक ग्राहक पेशींच्या केंद्रकात असतो, हे १९९९ मध्ये उमगलं. परतीच्या वाटेवर पित्ताम्लं आतड्याच्या पेशींतून जातात, तिथे त्या ग्राहकाला जाग येते, आणि आतडं रक्तातून यकृताला निरोप धाडतं: पुरे. यकृत हात आखडतं. साखर आणि मेदाच्या व्यवहारातही याच आम्लांचा शब्द चालतो. चरबी फोडणारा साबण म्हणून ओळखलेली ही मंडळी निरोप्येही निघाली.

हात अजून तिथेच आहे. आत कुणीतरी ‘पुरे’ म्हणतं, आणि कुणीतरी ते ऐकतं.

पुढच्या जेवणाला तुपाची वाटी पुन्हा पानाशी येईल. हो म्हणण्याआधी एक श्वास थांबा.