परदेशची विद्या आणि घरचे आजारी मूल

धर्म आणि अधर्म यांतून एक निवडणे त्या मानाने सोपे. गृहस्थाची खरी कसोटी लागते ती दोन धर्म एकाच वेळी समोर उभे राहतात तेव्हा. उच्च विद्येसाठी परदेशी गेलेल्या पित्यास अथवा मातेस घरून निरोप येतो, की मूल आजारी आहे. इकडे प्रबंध अर्धा झालेला, शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली. अशा वेळी काही सुशिक्षित मंडळी गीतेचा आधार घेऊन म्हणतात, अपत्यस्नेह हा मोहच. अर्जुनालाही तोच झाला होता. हा अर्थ फार सोयीचा आहे. अर्जुनापुढे उभे होते ते शस्त्रधारी प्रौढ आप्त; त्याच्यावाचून ज्याचे चालत नाही असे बालक नव्हे. संन्यास घेतलेले आद्य शंकराचार्यही दिलेल्या वचनाप्रमाणे मातेच्या अंतकाळी कालडीस परत आले, असे परंपरा सांगते. मग गृहस्थाला वैराग्याची सबब कशी पुरणार?

तथापि मुलाबाळांच्या माणसाने समुद्र ओलांडूच नये, असेही नव्हे. कादंबिनी गांगुली या कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या दोन स्त्री-पदवीधरांपैकी एक. १८८६ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून त्या वैद्यकीय पात्रता घेऊन बाहेर पडल्या. परंतु विलायती पदव्यांपुढे तिचे वजन पडेना. १८९१ साली ‘बंगवासी’ पत्राने त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले व त्याबद्दल संपादकास कारावास भोगावा लागला. (मुले घरी ठेवून विलायतेस जाणाऱ्या पुरुषावर असे शिंतोडे उडाल्याचे ऐकिवात नाही.) १८९३ साली मुलांना घरच्यांवर सोपवून त्या विलायतेस गेल्या, स्कॉटलंडमधील तिहेरी वैद्यकीय पात्रता मिळवली आणि काही महिन्यांतच परतल्या. पुरुष वैद्यास नाडीही न दाखवणाऱ्या अंतःपुरातील स्त्रियांना त्या विद्येचा उपयोग झाला. लोकसंग्रह म्हणतात तो असा.

आनंदीबाई जोशी यांची वाट याहून निराळी. कल्याणच्या या मुलीस चौदाव्या वर्षी पुत्र झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले नाहीत, हा सल तिच्या मनात राहिला. पती गोपाळराव टपाल खात्यात; त्यांच्या बदलीमुळे ती कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला आली व एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने निघाली. १८८६ साली फिलाडेल्फियात तिला एम.डी. मिळाली, प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. येथे घरचे बालक आणि परदेशची विद्या परस्परांच्या विरोधात नाहीतच. बालकाच्या मृत्यूनेच मातेला समुद्रापार धाडले. रसायनशास्त्रज्ञ असीमा चॅटर्जी यांनी १९४७ साली तिसरा मार्ग धरला. संशोधनासाठी अमेरिकेस जाताना त्यांनी अकरा महिन्यांच्या कन्येस व तिला सांभाळणाऱ्या बाईस बरोबरच नेले.

मात्र या उदाहरणांवरून सरसकट नियम काढता येत नाही, कारण आजार आणि आजार यांत अंतर असते. आठवड्यात उतरणाऱ्या तापासाठी प्रबंध टाकून धावत येणे हे पुष्कळदा स्वतःच्याच मनाच्या शांतीसाठी असते. परंतु बंगालमध्ये पुष्कळ घरांना परिचित असलेला थॅलेसेमियाचा तीव्र विकार घ्या. त्यात मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, शरीरात साठणारे लोह बाहेर काढणारे औषध वर्षानुवर्षे चालवावे लागते. डॉक्टरेटची चार-पाच वर्षे म्हणजे त्या मुलाचे अवघे बाळपण. फलत्यागाची भाषा करणाऱ्याने येथे थांबून पाहावे, की पदवी हेही फळच आहे आणि प्रसंगी तेच सोडावे लागेल. घरी राहिलेल्या माणसाची संमती मनापासून मिळाली होती, की ती गृहीत धरली होती, हेही त्याने स्वतःस विचारावे. श्यामबाजारच्या एखाद्या घरातली आजी नातवाला कडेवर घेऊन रक्तपेढीच्या दारी रांगेत उभी असते, तेव्हा ती मुलाचेच नव्हे, परदेशी असलेल्या पित्याचेही कर्तव्य पार पाडत असते. आणि ते तिने कोठवर पार पाडावे, हे तिला बहुधा कोणी विचारलेले नसते.