जाणून घेण्याची जबाबदारी

माझ्या सदुसष्टाव्या वाढदिवसाला पुण्याच्या चिरंजीवांनी भेट पाठवली ती रक्ततपासणीची. सकाळी साडेसहाला एक तरुण दारात आला, मी उपाशीपोटी आहे याची खात्री करून तीन नळ्या रक्त घेऊन गेला आणि रात्री सत्तरांहून अधिक चाचण्यांचा अहवाल मोबाइलवर आला. त्यात चार आकडे ठळक अक्षरांत होते. सकाळपर्यंत मी निरोगी होतो. रात्री तसे म्हणायची हिंमत होईना.

प्रत्येक आकड्यापुढे ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते. बहुतेक चाचण्यांत ती निरोगी माणसांची मोजदाद करून ठरते. मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ज्या दोन टोकांत बसतात, ती मर्यादा. म्हणजे शंभरांतील पाच निरोगी माणसे व्याख्येनेच बाहेर पडतात. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. तीन ठळक आकड्यांबद्दल हे गणित मला पुरेसे वाटले. चौथा पीएसएचा होता, ५.१.

हे प्रथिन प्रोस्टेट ग्रंथीचे. ते कर्करोगात वाढते, तसेच वयोमानाने ग्रंथी मोठी झाल्यानेही वाढते. त्याच्या संशोधनात १९७० पासून ज्यांचे नाव घेतले जाते त्या रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१० मध्ये या चाचणीच्या सरसकट वापरावर वृत्तपत्रातून कडक टीका केली. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१२ मध्ये निरोगी पुरुषांना ती न करण्याचा सल्ला दिला. २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून आपापले ठरवावे, सत्तरीपासून पुढे करू नये, असे सांगितले. कारण यांतील पुष्कळ कर्करोग इतके मंद असतात की माणूस दुसऱ्याच कशाने तरी जातो. उपचाराने मात्र लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. शासकीय नोकरीत एक गोष्ट मी शिकलो होतो : नस्ती एकदा उघडली की ती निकाली काढावी लागते. देहाची नस्ती आपण फार सहज उघडतो.

मग न जाणणेच बरे काय? येथे मला थोरले बंधू आठवतात. “मला काही होत नाही” हे त्यांचे पालुपद. साखर त्यांनी कधी मोजली नाही. ती कळली तेव्हा डोळ्यांच्या पडद्यांची हानी होऊन गेली होती. गेली अकरा वर्षे वहिनी त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवतात. न जाणण्याचा हक्क दादांनी बजावला, किंमत वहिनींनी मोजली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत. अशी किती घरे असतील!

तेव्हा प्रश्न ज्ञान की अज्ञान, असा नाहीच. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी-तपासण्यांची तत्त्वे मांडली. आजारावर मान्य उपचार हवा आणि रुग्ण कोणाला मानायचे हे आधी ठरलेले हवे, या त्यांतल्या दोन अटी. साखर आणि रक्तदाब या कसोटीला उतरतात. तेथे टाळाटाळ करणे हा मी घरच्यांवरचा अन्यायच मानतो. पीएसएबाबत तसे कर्तव्य मला दिसत नाही. तेथे निवड आहे, आणि ती मुलाने पाठवलेल्या पॅकेजात शिरून परस्पर होऊ नये.

सहा आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा केली, ४.३ आली. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले : एमआरआय करा, किंवा सहा महिने थांबा. मी थांबायचे ठरवले. चिरंजीव फोनवर चिडले. “बाबा, मग तपासणी केलीतच कशाला?”

प्रश्न रास्त होता. बाही वर सारण्यापूर्वी तो मीच मला विचारला नव्हता.

सौभाग्यवतीला सगळे सांगितले आहे. तिने चैत्रातली तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे. त्या दिवशी पीएसए आणि साखर, एवढ्या दोनच चाचण्या करायच्या आहेत. साखर तिचीही.