बडा ताफा, पोकळ वासा

१९८२ च्या फेब्रुवारीत ब्रिटनने आपली नवीकोरी विमानवाहू नौका 'इन्व्हिन्सिबल' साडेसतरा कोटी पौंडांना ऑस्ट्रेलियाला विकायचं ठरवलं. दुसरी, 'हर्मिस', निवृत्तीच्या वाटेवर होती. दक्षिण अटलांटिकमध्ये ब्रिटनचं निशाण फडकवणारं 'एंड्युरन्स' हे जहाजही परत बोलवायचं ठरलं होतं. संरक्षणमंत्री जॉन नॉट यांचा हिशेब वेडगळ मुळीच नव्हता. शत्रू सोव्हिएत युनियन, सामना उत्तर अटलांटिकमध्ये आणि तोही मुख्यतः पाणबुड्यांशी. मग जगाच्या टोकाला विमानं नेणाऱ्या नौका कशाला पोसायच्या? पण २ एप्रिलला अर्जेंटिनाने ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं बळकावली. तीनच दिवसांत याच दोन नौका पोर्ट्समथहून सुमारे तेरा हजार किलोमीटरच्या प्रवासाला निघाल्या.

विमानवाहू नौकांचे पुरस्कर्ते ही हकिगत आवडीने सांगतात. ती खरी आहे, पण अर्धीच. कारण कात्री त्याआधीच एका कमी दिसणाऱ्या जागी चालून गेली होती. १९७८ च्या अखेरीस जुन्या 'आर्क रॉयल'वरची 'गॅनेट' ही टेहळणीची विमानं निवृत्त झाली आणि ताफ्यावर घिरट्या घालून दूरवरचं हेरणारं रडार गेलं. जहाजावरच्या रडारला क्षितिजाखालचं दिसत नाही. फॉकलंडच्या युद्धात ४ मे रोजी अर्जेंटिनाची दोन विमानं लाटांलगत उडत आली आणि त्यांनी सोडलेलं एक्झोसेट क्षेपणास्त्र 'शेफील्ड' या विनाशिकेच्या उजव्या कुशीत घुसलं. आग विझवायच्या पाण्याची मुख्य वाहिनीच फुटली. जहाज पेटलं तरी पाण्याला जोर नाही. वीस जण दगावले. त्यानंतर 'सी किंग' हेलिकॉप्टरांवर घाईघाईने रडार चढवलं गेलं. काही आठवड्यांत झालेलं हे काम आधीच्या तीन-साडेतीन वर्षांत कुणाला निकडीचं वाटलं नव्हतं. ती हेलिकॉप्टरं तिथे पोचली तेव्हा युद्ध संपलं होतं.

अंदाजपत्रक आवळलं की नौका सहसा वाचतात. कारण त्यांचं जलावतरण होतं, नारळ फुटतो, फोटो छापून येतात. मार बसतो तो हेलिकॉप्टर, पाणतीर, बॅटऱ्या, सुटे भाग यांना.

ती 'हर्मिस' १९८७ मध्ये 'विराट' होऊन आपल्याकडे आली आणि मार्च २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाली. तिच्यामागे आपल्याकडेही तोच वाद रंगला आहे: तिसरी विमानवाहू नौका की जास्त पाणबुड्या? संरक्षण खर्चातला नौदलाचा वाटा २०१२ मधल्या १८ टक्क्यांवरून २०१९-२० मध्ये १३ टक्क्यांवर आल्याचं तेव्हाचे नौदलप्रमुख करमबीर सिंह यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. तेव्हाचे सरसेनाध्यक्ष बिपिन रावत यांचा कल पाणबुड्यांकडे होता. दोघांकडेही मुद्दे होते. पण दोन्ही बाजूंचे लोक किंमत सांगतात ती सांगाड्याची.

आपल्या नव्या विमानवाहू 'विक्रांत'चंच बघा. जहाजाला सुमारे वीस हजार कोटी लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये ते नौदलात दाखल झालं, पण त्यावर लढाऊ विमान पहिल्यांदा उतरलं फेब्रुवारी २०२३ मध्ये. एप्रिल २०२५ मध्ये सव्वीस राफेल विमानांचा करार झाला तो सुमारे त्रेसष्ट हजार कोटींचा, म्हणजे जहाजाच्या तिप्पट. पाणबुड्यांचीही तीच गत. माझगाव गोदीत बांधलेली 'कलवरी' डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झाली, पण तिच्यासाठी ठरलेले नवे पाणतीर आलेच नाहीत. जुन्यांवर भागवावं लागलं. तिथे पैशाची तंगी नव्हती, इटालियन कंपनीच्या भ्रष्टाचार प्रकरणात खरेदी अडकली होती. पण पाणबुडीच्या दृष्टीने फरक काय पडतो?

याचा अर्थ नौदलाला मागेल तितकं द्यावं असा नाही. आपल्या उत्तर सीमेवर चीन उभा आहे, पगार आणि निवृत्तिवेतनाचा भार मोठा आहे, आणि शाळा-दवाखान्यांचा हक्क संरक्षणापेक्षा कमी नाही. कपात करावी लागली तर लागेल. पण तिचीही एक शिस्त असते: आधी जबाबदारी कमी करायची, मग खर्च. नॉट यांनी नौका कमी करायचं ठरवलं, पण बेटांची जबाबदारी सोडली नाही. त्या दोहोंमधल्या फटीतच अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीला संधी दिसली. एडनच्या आखातापासून मलाक्काच्या सामुद्रधुनीपर्यंत आपण पहारा देऊ असं सांगायचं आणि त्या पल्ल्याची हेलिकॉप्टरं पुढच्या वर्षावर ढकलायची, हा त्याच जातीचा व्यवहार आहे.

म्हणून नव्या नौकेला मंजुरी देताना तिची विमानं, दारूगोळा आणि पुढच्या दुरुस्त्या यांची तरतूद त्याच कागदावर असायला हवी. एवढे पैसे नसतील तर एक नौका कमी बांधावी, पण बांधू ती पुरी असावी. आणि संसदेच्या स्थायी समितीने जहाजं किती, याआधी विचारावं: आज हुकूम सुटला तर पुऱ्या शस्त्रांनिशी त्यांतली किती निघतील?