काळजी कोणी घ्यायची?

आपल्या मराठीत काळजी 'करतात' आणि काळजी 'घेतात'. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांत ही दोन कामे निरनिराळ्या माणसांकडे गेली आहेत, असे आम्हांस वाटते. काळजी करते ती घरची आई. काळजी घेतली जाते ती इतर सर्वांची. मग तिची अर्धशिशी सुरू झाली की घरचे म्हणतात, "इतका विचार करू नकोस, एक गोळी घे आणि जरा पड."

हा सल्ला ह्या देशाला नवा नाही. 'चहाचा कप, एक बेक्स आणि जरा आडवे पडणे' अशा अर्थाच्या नावाचा एक विनोदी कार्यक्रम १९६५ साली सिडनीच्या रंगभूमीवर झाला. बेक्स म्हणजे ॲस्पिरिन, फेनॅसेटिन व कॅफीन यांची पूड. डोके दुखले, मन अस्वस्थ झाले की गृहिणी ती घेत, आणि कॅफीनची सवय जडली की पूड न मिळाल्यानेही डोके दुखे. मेलबर्नच्या डॉ. प्रिसिला किनकेड-स्मिथ यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की अशा पुड्यांनी मूत्रपिंडे निकामी होत आहेत. १९७९ साली त्यांच्या खुल्या विक्रीवर बंधने आली. कोडीनच्या गोळ्याही १ फेब्रुवारी २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाहीत.

औषधे बदलली, पण घरच्यांचा सल्ला तोच राहिला. त्यामागे अशी समजूत असते की जे दिसत नाही ते दुखणे मनाचे खेळ. सिडनीचे डॉ. जेम्स लान्स व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकातच दाखवले होते की अर्धशिशीच्या वेळी रक्तातील सेरोटोनिन हे द्रव्य घटते. म्हणजे हे दुखणे शरीराचेच आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्याचे पंधरा किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल आणि त्यांतले निदान आठ दिवस अर्धशिशीचे असतील, तर डॉक्टर तिला जुनाट अर्धशिशी म्हणतात. दुखण्याने झोप मोडते, झोप मोडली की पुन्हा दुखते, आणि पुढचा झटका केव्हा येईल ह्या धास्तीने उरलीसुरली झोपही जाते. महिन्यातून दहा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते.

परदेशी राहणाऱ्यांना यात आणखी एक अडचण आहे. सिडनीत रात्रीचे दहा वाजतात तेव्हा मुंबईत संध्याकाळ आणि इस्राएलात दुपार असते. नातलगांचे फोन आणि वाईट बातम्या नेमक्या आपल्या झोपेच्या वेळी येतात. कोणी म्हणेल, मुलगा इस्राएलात पलटणीत असताना आईने झोपावे तरी कसे? तिची माया आम्ही जाणतो. पण तिने सिडनीत रात्र जागून काढल्याने तो तिथे अधिक सुरक्षित होत नाही. शब्बाथाची विश्रांती तर चाकरांना आणि गुराढोरांनाही नेमून दिलेली आहे. ती आईच्या वाट्याला येऊ नये, हे न्यायाचे नव्हे.

तेव्हा प्रश्न असा की सोसणे हे आजाऱ्याचे कर्तव्य, की विश्वास ठेवणे हे घरच्यांचे? आमच्या मते विश्वास आधी. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही तो दुखणे लपवतो आणि गोळ्याही चोरून घेतो. विश्वास मिळाल्यावर आजाऱ्याचेही कर्तव्य येते: दुखण्याचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्या वहीत लिहाव्या, ती वही डॉक्टरांना दाखवावी आणि झोपण्या-उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही मोडू नये.

घरच्यांनी इतके तरी करावे. मुंबईला व इस्राएलला संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन करावा. तेव्हा दोन्हीकडे दिवस असतो. रात्री घंटा वाजलीच तर फोन दुसऱ्या कोणी घ्यावा. "काळजी करू नकोस" असे सांगणे सोपे आहे. तिच्या काळजीतला थोडा भाग आपल्याकडे घेतला, तरच त्या सांगण्याला अर्थ राहील.