जागल्या कुणाचा?

वर्तमानपत्रवाल्यांना अलीकडे एक शब्द सापडलाय. जागल्या. सरकारच्या पोटात राहून सरकारचंच काळंबेरं जो बाहेर काढतो, त्याला ते जागल्या म्हणतात. शब्द बरा आहे. पण तो मूळचा कुणाचा, हे त्यांना ठाऊक नसावं. आपल्या खानदेशात जागल्या म्हणजे गावचा राखणदार, बहुतेक करून भिल्ल. सातपुड्याच्या पायथ्याला रात्रभर जागायचा, चोराची चाहूल लागली की हाळी द्यायचा. आणि दिवसा महार. गावात परका माणूस आला, कुणी मेलं, की पाटलाला वर्दी. टपालाची पिशवी डोक्यावर घेऊन कचेरीत. शिवेचा तंटा निघाला की साक्ष महाराची. गावाचे डोळे आणि कान आम्हीच. पण पिशवीतल्या कागदावर काय लिहिलंय ते वाचायला अक्षर मात्र दिलेलं नव्हतं.

चोर बाहेरचा असेल तर जागल्याने ओरडायचं. चोर वाड्यातलाच असेल तर? तर तोंड मिटायचं. ह्याला इमान म्हणत.

मित्रांनो, मला ह्या इमानाबद्दल बोलायचंय. ज्याची भाकरी खाल्ली त्याचं गुपित पोटात ठेवावं, हा धर्म कुणी सांगितला?

मेजर जनरल व्ही. के. सिंग नावाचे एक अधिकारी आहेत. सैन्यातून 'रॉ' ह्या हेरखात्यात गेले, तिथून निवृत्त झाले आणि 2007 साली त्यांनी पुस्तक लिहिलं. खात्यातल्या खरेदीत घोळ आहेत, आणि ह्या खात्याला जाब विचारणारं कुणीच नाही, असं त्यांनी मांडलं. झालं. सीबीआय घरात शिरली. सरकारी गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा. पुढे 2023 सालीसुद्धा दिल्ली उच्च न्यायालयाने तो खटला रद्द करायला नकार दिला. सोळा वर्षं! जनरलची ही गत, तर शिपायाचं काय घेऊन बसलात.

हा कायदा 1923 चा. इंग्रजाने केलेला. त्याच 1923 साली मुंबईच्या कौन्सिलात रावबहादूर बोल्यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा. एकाच सालात सरकारने कचेरीचा कागद बंद केला आणि तळ्याचं पाणी खुलं केलं. त्यातलं पाणी नुसतं कागदावरच खुलं झालं. ते ओंजळीत घ्यायला 1927 साली बाबासाहेबांना महाडला जावं लागलं, आणि आमच्या माणसांची डोकी फुटली. बंदीला मात्र कुणाला डोकं फोडून घ्यावं लागलं नाही. ती शंभर वर्षं बिनबोभाट चालू आहे. गंमत म्हणजे गुपित कशाला म्हणायचं, ते ह्या कायद्यात कुठेच सांगितलेलं नाही. साहेब म्हणेल ते गुपित. देणारा गुन्हेगार, घेणाराही गुन्हेगार.

31 मे 2021 ला केंद्र सरकारने पेन्शनच्या नियमात आणखी एक गाठ मारली. हेरखात्यातून, सुरक्षा खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने आपल्या खात्याच्या कामाबद्दल काही छापायचं तर आधी साहेबाची परवानगी घ्यायची. तसं लिहून द्यायचं. वचन मोडलं तर पेन्शनवर टाच. मला हे वाचून वतन आठवलं. 1928 साली बाबासाहेबांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते कशासाठी? दोन बिघे जमिनीच्या तुकड्यापायी अख्खी जात चोवीस तास सरकारच्या आणि गावाच्या दावणीला बांधली होती म्हणून. तुकडा हातात घेतला की मान खाली गेलीच. पेन्शन ही तर केलेल्या कामाची कमाई. तिचंही वतन करायचं आणि म्हातारपणी माणसाचं तोंड शिवायचं, ही तीच जुनी युक्ती आहे.

आता कुणी म्हणेल, भो, तुले काय करनं शे? देशाच्या सीमेचा प्रश्न आहे. बरोबर. त्याला उत्तर द्यायला हवं, नुसतं घोषणा देऊन भागणार नाही. महार रेजिमेंटमधले आपलेच भाऊ सीमेवर उभे आहेत. त्यांची तुकडी उद्या कुठल्या खिंडीतून जाणार, हे कुणी छापावं असं मी म्हणणार नाही. ते गुपित जवानाचा जीव राखतं. पण जवानाच्या बुटाच्या खरेदीत कुणी पैसे खाल्ले, हे गुपित कुणाला राखतं? दोन्ही कागदांवर शिक्का एकच, 'गोपनीय'. शिक्का बघून इमान ठरवता येत नाही. कागद दाबल्याने कुणाचा जीव वाचतो आणि कुणाची खुर्ची, ते बघावं लागतं. 2005 च्या माहिती अधिकारालाही हे थोडंफार कबूल आहे. हेरखात्यांना त्यातून सूट दिली, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांची पायमल्ली ह्यांची माहिती त्या सुटीत बसत नाही.

आणि कायदा सगळ्यांना सारखा लागतो का, तेही बघा. राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तेव्हाच्या आयुक्त रश्मी शुक्ला ह्यांनी ऑगस्ट 2020 मध्ये पोलिसांच्या बदल्यांमधल्या दलालीबद्दल अहवाल दिला होता. 23 मार्च 2021 ला विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस ह्यांनी पत्रकार परिषदेत त्याचा हवाला दिला. अहवाल फुटला म्हणून गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला, पण अज्ञात माणसांवर! जबाब घ्यायला पोलीस फडणवीसांच्या बंगल्यावर गेले. मग सरकार पालटलं, तपास सीबीआयकडे गेला, सीबीआयने प्रकरण बंद करायचा अहवाल दिला. शुक्ला 2024 मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. बदल्यांच्या दलालीचं काय झालं म्हणता? तो प्रश्न मध्येच कुठेतरी गळून पडला.

आता दुसरा माणूस घ्या. वर्ध्याचा. 2018 साली शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून पोलीस ठाण्यात गेला आणि मोबाइलवर तिथलं चित्रण करू लागला. त्याच्यावर हाच हेरगिरीचा कायदा लावला. 2022 साली नागपूर खंडपीठाने सांगितलं की पोलीस ठाणं हे ह्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नव्हेच. तोवर चार वर्षं गेली. शिवाय 2020 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या ठाण्यांत कॅमेरे बसवायचा हुकूम दिलेला. म्हणजे भिंतीवर कॅमेरा असला तर न्याय, आणि फिर्यादीच्या हातात असला तर हेरगिरी. ॲट्रॉसिटीची फिर्याद घेऊन जो कधी ठाण्याच्या पायरीवर बसला असेल, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

गुप्त पोलीस आपल्याला नवे नाहीत. बाबासाहेबांच्या सभेत बसून इंग्रजांचे पोलीस भाषणं टिपून घ्यायचे. ते गुप्त अहवाल 1982 साली महाराष्ट्र सरकारनेच ग्रंथ करून छापले. आज आपण त्यातून आपला इतिहास वाचतो. आजही आपल्या सभेत मागच्या रांगेत साध्या कपड्यातला एक माणूस वही घेऊन असतो. कधीकधी आपल्यातलाच. त्याला आपण खबऱ्या म्हणतो आणि थुंकतो. खबऱ्याही गुपित फोडतो, जागल्याही फोडतो. मग फरक काय? खबऱ्याची खबर खालून वर जाते, चिरडायला. जागल्याची वरून खाली येते, सावध करायला.

म्हणूनच सगळीच गुपितं वाईट असं मी मानत नाही. दुबळ्याला गुपिताची जास्त गरज असते. सत्येंद्र दुबे ह्या इंजिनिअरने महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधानांना कळवला आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट टेबलांवरून फिरलं. 2003 च्या नोव्हेंबरात गयेत त्यांचा खून झाला. आपल्या मुलखातही तेच. फाइल वर्षानुवर्षं फुटत नाही, पण तक्रार कुणी केली ते नाव संध्याकाळपर्यंत गावात पोचतं. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा 2014 साली झाला. राष्ट्रपतींची सही झाली, पण तो अजून लागू केलेला नाही.

आता तराळाची नातवंडं कचेरीत आहेत. कुणी कारकून, कुणी शिपाई, कुणी हवालदार. पिशवीतला कागद त्यांना वाचता येतो. चोपड्याच्या कचेरीत वनहक्काच्या दाव्याच्या फाइली ज्याच्या हाताखालून जातात, त्याला आपण सहज म्हणतो, 'समाजासाठी एवढं कर, कागद काढून दे.' त्याच्या घरी पिढीतली पहिली पगाराची नोकरी आहे. बहिणीचं लग्न आहे. त्याला भित्रा म्हणण्याआधी आपल्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवून टाकू. त्याचं नाव किती जणांना माहीत असेल? आणि तो निलंबित झाला तर त्याच्या घरी दर महिन्याला धान्य कोण पोचवणार?