कौशिकाचं व्रत आणि बापाचा फोन

महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कायम खरं बोलायचं, हे कौशिकाचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं त्याच्यासमोरून रानात शिरली. मागून आलेल्या दरोडेखोरांनी विचारलं, याने खरं सांगून टाकलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ साली नेमकं उलट लिहिलं: दारात खुनी उभा असला तरी खोटं बोलू नये. तत्त्वज्ञानाच्या तासाला मी दोन्ही शिकवते. दुपारी कॉलेजच्या समुपदेशन कक्षात बसते, तेव्हा प्रश्न जास्त अवघड होतो. तिथे विचारणारा बाप असतो.

"म्याडम, आमची पोरगी तुमच्याकडं येती का? काय बोलती?" मागे ऊसतोडीचा आवाज. मुलीला दोन विषयांत एटीकेटी लागलेली, हे त्याला ठाऊक नाही. कर्ज काढून त्याने फी भरली आहे. त्याची काळजी खरी आहे. पण मुलीने दार लोटून घेऊन जे सांगितलं, ती तिची ठेव. दुसऱ्याच्या ठेवीतून मी दान कसं करू?

"सगळं ठीक आहे" म्हणणं खोटं. गप्प राहिले तर तो त्यातूनच ओळखणार. म्हणून कक्षात कोण येतं हे मी कोणालाच सांगत नाही, ज्यांची मुलं कधी फिरकलीच नाहीत त्या आईबापांनाही नाही. त्यांना दिलासा द्यावा असं फार वाटतं. पण एकीला "तुमचा मुलगा आलाच नाही" म्हटलं, की दुसरीला माझं मौन म्हणजेच उत्तर होतं.

जिवाला धोका दिसला तर मात्र मी घरी कळवते. पहिल्याच भेटीत, मुलाने तोंड उघडण्याआधी, हे सांगून ठेवलेलं असतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही गोपनीयतेचा हक्क असाच अपवादासह आहे. कौशिकाने जिवांपेक्षा आपलं व्रत जपलं. गुपित राखण्याच्या हट्टापायीही माणूस तेच करू शकतो.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. फार गरजेचं होतं ते. आता नेमणुकीमागोमाग तपासणीची नोंदवही येईल. प्राचार्यांना माझी विनंती आहे: त्या वहीत नावाचा रकाना ठेवू नका, आणि कक्षाला फीच्या रांगेपासून लांबची, दार लागणारी खोली द्या.