क्षणभराची सवलत

ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शेलीचा संगमरवरी पुतळा आहे. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकावा तसा कुशीवर पडलेला, नग्न, निष्प्राण देह. १८२२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या या कवीचा पुतळा १८९३मध्ये ज्या कॉलेजात बसला, त्याच कॉलेजाने मार्च १८११मध्ये त्याला हाकलून दिले होते. निमित्त होते ‘नास्तिकतेची आवश्यकता’ या निनावी पत्रकाचे. शेली आणि त्याचा मित्र हॉग यांना त्याबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी उत्तरही दिले नाही आणि पत्रक आपले नाही असेही म्हटले नाही. आज त्याच शेलीवर प्रबंध लिहून पदव्या मिळतात. पण पत्रकातल्या मुद्द्याचे काय? तेव्हाच्या विद्यापीठाने तो दडपला, आजच्या विद्यापीठाने तो तळटीपेत नेऊन ठेवला. रोमँटिक साहित्य शिकवताना ‘हे खरे आहे का?’ हा प्रश्न वर्गाबाहेर ठेवण्याला तटस्थता म्हणायची रीत आहे. माझ्या मते त्याने त्या साहित्याचे वाचनच अर्धे राहते.

या रिवाजाला आधार म्हणून कोलरिजचे नाव हमखास पुढे येते. १८१७च्या ‘बायोग्राफिया लिटरारिया’त त्याने म्हटले, की कविता वाचताना वाचक आपखुशीने अविश्वास क्षणभर बाजूला ठेवतो. त्यातून सोय अशी निघाली, की आस्तिकाने किंवा नास्तिकाने कोणतीही कविता वाचावी, तिच्यातल्या श्रद्धेचे खरेखोटे करत बसू नये. पण ही सवलत त्याने कशासाठी मागितली, ते त्याच प्रकरणात दिसते. १७९८च्या ‘लिरिकल बॅलड्स’साठी दोघा मित्रांनी कामाची वाटणी केली होती: अलौकिक विषय कोलरिजकडे, रोजच्या जगण्यातले वर्ड्‌स्वर्थकडे. सवलत होती ती कोलरिजच्या वाट्यासाठी, त्याच्या कवितेतल्या म्हाताऱ्या खलाशाला दिसणाऱ्या भुताळी जहाजासारख्या गोष्टींसाठी. शिवाय तिला ‘क्षणभर’ अशी मुदत होती. आपण ती वर्ड्‌स्वर्थलाही लावली आणि मुदत खोडून टाकली. सृष्टी आणि माणसाचे मन यांतून एकच चैतन्य वाहते, असे तो मनापासून सांगत होता. त्याचे ते सांगणे भुताच्या जहाजाशेजारी जाऊन बसले.

वर्ड्‌स्वर्थ खरोखरच काही विधान करत होता, याचा पुरावा त्याच्याच कागदांत आहे. ‘द प्रेल्यूड’ हे त्याचे दीर्घकाव्य १८०५मध्ये पुरे झाले, तरी तो त्यावर पुढेही हात फिरवत राहिला. पुस्तक निघाले १८५०मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. १८०५चा पाठ छापला गेला तो थेट १९२६ साली. दोन्ही पाठांतला दुसरा सर्ग शेजारी ठेवून पाहावा. जुन्या पाठात तरुण कवीला सर्व वस्तूंत एकच जीवन दिसते आणि ते आनंदरूप आहे असे जाणवते. नव्या पाठात तो आनंदाचा उद्गार गेला आहे, आणि प्राणिमात्र त्यांच्या अनादी निर्मात्याकडे भक्तिभावाने पाहत आहेत. सृष्टीत भरलेले देवपण सृष्टीपलीकडे सरकले. नुसती उपमा असती, तर ती ख्रिस्ती धर्माला धरून व्हावी म्हणून एवढी डागडुजी कोणी कशाला करेल? जे चूक असू शकते, तेच माणूस दुरुस्त करतो.

यावर समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स १९२६मध्येच सांगून गेले, की कवितेतली विधाने भावनांची घडी बसवण्यासाठी असतात, विज्ञानातल्या विधानांसारखी तपासण्यासाठी नसतात. बऱ्याच कवितांना हे लागू पडेलही, पण स्वतःच तपासणी करत बसलेल्या कवीला कसे लागू पडेल? जेरोम मॅगन यांचा १९८३चा आक्षेप अधिक भारी आहे: रोमँटिकांच्या श्रद्धा त्यांच्याच शब्दांत उगाळू नका, त्यांच्यामागचा इतिहास पाहा. तो पाहायलाच हवा. फ्रेंच क्रांतीने केलेला अपेक्षाभंग वगळून वर्ड्‌स्वर्थचा निसर्ग कळत नाही. पण विचार कोणत्या परिस्थितीत सुचला हे कळल्याने तो खराही ठरत नाही आणि खोटाही. मराठी वाचकाची पळवाट वेगळी आहे. ‘हे तर आपलेच अद्वैत’ म्हणून तो मान डोलावतो आणि वही मिटतो. ओळख पटली म्हणजे परीक्षा झाली असे नाही.

राहतो शेवटचा आक्षेप: मग वर्गाचे कीर्तन होईल, नाहीतर कोणाच्या तरी श्रद्धेवर घाला पडेल. याला उत्तर शेलीच्या पत्रकातच आहे. विश्वास ठेवणे ही इच्छेची कृती नाही. पुरावा मनाला जेवढा पटेल तेवढाच विश्वास बसतो, म्हणून न मानणे हा गुन्हा होऊ शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. तो मान्य केला, तर शिक्षकाला कोणाकडून श्रद्धा किंवा अश्रद्धा वसूल करता येत नाही. मागता येतात ती फक्त कारणे. कोलरिजची सवलतही मग आपल्या जागी येते. आधी क्षणभर अविश्वास बाजूला ठेवून कवीचे पुरते ऐकायचे, आणि क्षण सरला की तो परत घेऊन प्रश्न विचारायचा. ‘वर्ड्‌स्वर्थचा सर्वेश्वरवाद विशद करा’ या धर्तीचा प्रश्न परीक्षेला ओळखीचा आहे. त्याखाली आणखी एक ओळ हवी: ‘तो तुम्हाला पटतो का? सकारण लिहा.’ गुण ‘सकारण’ला द्यावेत.